पाठवणीनंतरची चाळीस मिनिटं

ई-१८० म्हणजे तीन तासांची व्हीएचएस कॅसेट. लग्नाचं शूटिंग करणारा ती सीमांतपूजनाला सुरू करायचा, पाठवणीला वधूची आई रडून झाली की थांबायचा. सव्वादोन-अडीच तास भरायचे. शेवटी अर्धा-पाऊण तास फीत कोरी उरायची, आणि आपल्या घरांत कोरं काही वाया घालवायची पद्धत नव्हती. दोन-चार वर्षांनी घरी व्हीसीआर आला की कोणीतरी त्या उरलेल्या जागेत टीव्हीवरचं काहीबाही भरून ठेवायचं. माझ्या संग्रहातला चांगला माल बहुतेक असाच, कोणाच्या तरी लग्नाच्या शेपटाला लागून आलेला आहे.

माल म्हणजे टीव्हीवरचे जुने खेळ. क्विझ, अंताक्षरी, सापशिडी, पैठणी, करोडपती, जे काही कोणी घरच्या व्हीसीआरवर टेप केलं ते. मी नागपुरात प्रतापनगरला राहते, शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, आणि सुटीच्या दिवशी या कॅसेटी शोधते, धुते, कॉम्प्युटरवर उतरवते, आणि असाच नाद असलेल्या इतर लोकांशी अदलाबदल करते. आमचे हे त्याला 'भंगार' म्हणतात. शब्द चुकीचा नाही, कारण बराचसा माल खरोखरच भंगारवाल्याकडून येतो.

इतवारीत लोहा ओळीच्या बाजूला एक कबाडी आहेत. जुनी घरं पाडून फ्लॅट होतात तेव्हा त्यांच्याकडे पोतीच्या पोती येतात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना वाटलं मी कोणाच्या तरी लग्नाची कॅसेट शोधत आले आहे.

"मॅडम, ह्या लगनाच्या हायेत. तुमच्या नात्यातलं हाये का कोनी?"

"नाही."

"मंग काऊन घेऊन राह्यल्या?"

काय सांगणार? मी म्हटलं, शाळेत प्रयोगाला लागतात. त्यांनी प्लास्टिकच्या भावाने किलोवर दिल्या. आता ते स्वतःच बाजूला काढून ठेवतात आणि भावही वाढवलाय, कारण माणूस हुशार आहे.

पोत्यातल्या शंभर कॅसेटी घरी आणणं परवडत नाही, जागाही नाही. निवड तिथेच करावी लागते, आणि त्याची एक खूण आहे. व्हीएचएस कॅसेटच्या कण्यावर डाव्या बाजूला एक छोटी प्लास्टिकची टॅब असते. ती मोडली की मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करत नाही. लग्नाचे फोटोग्राफर कॅसेट देण्याआधी ती टॅब मोडूनच द्यायचे, म्हणजे कोणी चुकून कन्यादानावर क्रिकेट मॅच टेप करू नये. मग ज्याला शेवटच्या कोऱ्या भागात काही भरायचं असेल, तो काय करणार? त्या खाचेवर सेलोटेप चिकटवायचा. मशीनला वाटतं टॅब आहे. त्यामुळे लग्नाची कॅसेट, टॅब मोडलेली आणि वर पिवळी पडलेली सेलोटेप, असं दिसलं की मी ती पुढे काही न बघता घेते. आत नंतर काहीतरी भरलेलं आहे हे नक्की. नऊदा सिनेमाचा तुकडा निघतो, नाहीतर रामायण. दहाव्यांदा आपलं काम होतं.

माझ्याकडे एक आहे, तिच्या लेबलवर सोनेरी छापील अक्षरांत 'शुभविवाह', खाली दोन नावं, आणि त्याच्याही खाली निळ्या बॉलपेनने: 'शेवटी क्विज आहे, पुसू नये'. ते हस्ताक्षर कोणाचं ते मला ठाऊक नाही, पण ज्याने लिहिलं त्याचं माझ्यावर कर्ज आहे. शेवटी दूरदर्शनवरचा 'क्विझ टाइम' निघाला, सिद्धार्थ बसूंचा, पूर्ण भाग, मधल्या जाहिरातींसकट.

'क्विझ टाइम' १९८५चा. तेव्हा विदर्भातल्या घरांत व्हीसीआर किती असणार? ज्यांच्याकडे काही होतं त्यांच्याकडेही बरेचदा व्हीसीपी असायचा. तो फक्त दाखवतो, टेप करत नाही, आणि म्हणून स्वस्त पडायचा. बाकीचे शनिवारी रात्री भाड्याने मशीन आणून तीन सिनेमे सलग बघणारे. त्यांत कोणी क्विझचा कार्यक्रम टेप करेल ही शक्यता फार थोडी. म्हणून १९९२च्या आधीचं काहीही मिळालं की आमच्या मंडळींत गडबड उडते. १९९२च्या ऑक्टोबरात झी आला, केबल आलं, व्हीसीआरही थोडे स्वस्त झाले. तिथून पुढचं बरंच सापडतं. १९९३पासूनची अन्नू कपूरची 'अंताक्षरी' तर ढिगाने. दीवाने, परवाने, मस्ताने. ती टेप करणारे लोक वेगळ्या जातीचे होते, ते गाण्यांसाठी टेप करायचे आणि मधलं बोलणं पॉज दाबून गाळायचे. तसली कॅसेट माझ्या उपयोगाची नसते.

जाहिराती आणि मधलं बोलणं गाळणं यावरून माझी आणि अदलाबदल करणाऱ्या निम्म्या लोकांची वाजते. पुण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, यादी अप्रतिम, एक्सेलमध्ये रंगवलेली, प्रत कोणत्या पिढीची हेही लिहिलेलं. मूळ टेपवरून केलेली प्रत म्हणजे पहिली पिढी, तिच्यावरून केलेली दुसरी. प्रत्येक पिढीला रंग गळतात आणि कडा फिसकटतात, म्हणून हे लिहिणं महत्त्वाचं. पण हे गृहस्थ फाइल देताना जाहिराती कापतात. 'स्वच्छ प्रत' म्हणतात तिला. मी त्यांना फोनवर म्हटलं, काका, तुम्ही साल फेकून संत्र्याची जात विचारता.

कार्यक्रमात तारीख सांगणारं काहीच नसतं. अन्नू कपूर 'आज अमुक तारीख आहे' म्हणत नाहीत. तारीख सापडते ती आजूबाजूला. माझ्याकडे अंताक्षरीचा एक भाग आहे, तो संपल्यावर टेप करणाऱ्याने मशीन बंद केलं नाही, आणि बातम्यांचा दीड मिनिटाचा तुकडा आला: देशभर गणपती दूध पितोय. म्हणजे २१ सप्टेंबर १९९५, नाहीतर फार तर एक-दोन दिवस पुढे. ज्याने ही प्रत 'स्वच्छ' केली असती त्याच्या यादीत त्या भागासमोर 'अंदाजे १९९४-९६' एवढंच राहिलं असतं. (त्या दिवशी आम्ही घरचे सगळे टेकडी गणपतीच्या रांगेत होतो. तिथे दूध प्यायला की नाही यावर घरात अजून एकमत नाही.)

कोपऱ्यातला चॅनलचा लोगोही असाच कामाचा. 'होम मिनिस्टर' सप्टेंबर २००४मध्ये सुरू झालं तेव्हा चॅनलचं नाव अल्फा मराठी होतं. २००५मध्ये त्याचं झी मराठी झालं. म्हणजे आदेश बांदेकर आणि कोपऱ्यात अल्फाचा लोगो असं दिसलं की तो पहिल्या काही महिन्यांतला भाग. आता हा लोगो झाकून, चित्र झूम करून 'नीट' केलेल्या फाइली मला लोक पाठवतात. नको, भाऊ.

होम मिनिस्टरची माझ्याकडची सगळ्यांत जास्त मागितली गेलेली कॅसेट अर्धवट आहे. काटोलच्या घरातून आली. खेळ रंगात आलेला, दोन वहिनी फुगे फोडताहेत, घरातले ओरडताहेत, आणि एकदम निळा पडदा. लाइट गेले. त्या काळात भारनियमनाने गावांचे काय हाल होते ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या दिवसरात्र धूर सोडणार आणि काटोलला अंधार. लाइट परत आले तरी व्हीसीआर आपणहून पुन्हा टेपिंग सुरू करत नाही, घड्याळातला शून्य लुकलुकवत बसतो. ही कॅसेट त्या दोघींपैकी एकीच्या मुलीने माझ्याकडे मागितली. निकाल तिला ठाऊकच होता, पैठणी आईच्या कपाटात आहे. पण समोरच्या काकू गेली कित्येक वर्षं म्हणताहेत की शेवटचा फुगा आधी त्यांचा फुटला होता. मुलीला पुरावा हवा होता. मी फाइल पाठवली. तिचा निरोप आला: "मॅडम, लाइट नेमके तिथंच गेले होते का हो?" नेमके तिथंच.

नवीन माणसाला वाटतं 'कौन बनेगा करोडपती' म्हणजे हिरा. तसं नाही. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ते सुरू झालं आणि अख्ख्या देशाने टेप केलं. हर्षवर्धन नवाथे यांनी एक कोटी जिंकले तो भाग तर मला नको असताना चार कॅसेटींवर आलाय. अदलाबदलीत त्याला काही भाव नाही. भाव आहे तो पडलेल्या कार्यक्रमांना. त्याच वर्षी झीने 'सवाल दस करोड का' आणलं, अनुपम खेर आणि मनीषा कोईराला, बक्षीस थेट दहापट. ते चाललं नाही, लवकर गुंडाळलं. न चाललेला कार्यक्रम कोण टेप करतं, आणि केला तर कोण जपतं? माझ्याकडे त्याचा एक भाग आहे, चित्राच्या तळाशी पांढऱ्या रेघा नाचतात, आवाज मध्येच बुडतो, आणि तरीही त्या बदल्यात मला लोकांनी तीन-तीन गोष्टी देऊ केल्यात.

या नादात फॉरमॅट जमवणारी एक वेगळीच जमात आहे. एकाच खेळाच्या देशोदेशीच्या आवृत्त्या ते गोळा करतात. करोडपतीचा मूळ खेळ ब्रिटनमधला, १९९८चा. तेच संगीत, तोच अंधार, तीच गोल बैठक, फक्त माणूस बदलला. असे एक अमेरिकेतले आजोबा माझ्याकडे 'कमज़ोर कड़ी कौन' मागत होते. ब्रिटनच्याच 'वीकेस्ट लिंक'ची आपली आवृत्ती, नीना गुप्ता सूत्रधार. माझ्याकडे दोन भाग होते. बदल्यात काय हवं विचारलं तर मी म्हटलं, मायकल लार्सन पाठवा.

मायकल लार्सन हा आमच्या पंथाचा संतच म्हणायचा. ओहायोचा माणूस, आइस्क्रीमची गाडी चालवायचा. १९८४ साली अमेरिकेत सीबीएसवर 'प्रेस युअर लक' नावाचा खेळ चालायचा. मोठ्या फलकावर चौकोनांतून दिवा भिरभिरत फिरतो, आपण बटण दाबायचं, दिवा थांबेल तिथली रक्कम आपली. राक्षसावर थांबला तर सगळं गेलं. बघणाऱ्याला वाटतं शुद्ध नशीब. लार्सनने घरी व्हीसीआरवर भाग टेप केले आणि पॉज करून करून बघितले. त्याच्या लक्षात आलं की दिवा फक्त पाच ठरावीक क्रमांनी फिरतो, आणि दोन चौकोन असे आहेत जिथे राक्षस कधीच येत नाही. त्याने ते पाच क्रम पाठ केले, स्टुडिओत गेला आणि १,१०,२३७ डॉलर घेऊन आला. चॅनलवाल्यांनी खूप डोकं खाजवलं, पण नियम कुठे मोडला होता? बघून पाठ करणं हा गुन्हा नाही. मी हा भाग नववीच्या पोरांना 'निरीक्षण आणि अनुमान' शिकवताना दाखवते. इंग्रजी कळलं नाही तरी त्यांना फलकाकडे बघून दोन मिनिटांत गंमत कळते. एकाने विचारलं, "मॅडम, म्हणजे तो घोकंपट्टी करूनच जिंकला नं?" त्यावर मी विषय बदलला.

अमेरिकेहून पूर्वी कॅसेट यायची तेव्हा वेगळं झंझट होतं. त्यांची एनटीएससी पद्धत, ५२५ रेघा. आपली पाल, ६२५ रेघा. त्यांची कॅसेट आपल्या साध्या मशीनमध्ये घातली की चित्र गरगर वर सरकतं. आता फाइलच येते, तो प्रश्न मिटला. मुंबई-पुण्याची देवाणघेवाण मात्र अजून हाताने बरी वाटते. ओळखीचं कोणी विदर्भ एक्सप्रेसने निघालं की त्यांच्या पिशवीत हार्ड डिस्क आणि वर संत्रा बर्फीचा डबा. बर्फी वेळेवर पोचते कारण ती वाहणाऱ्याला आठवते. डिस्क दोनदा कोणाच्या तरी बॅगेत आठवडाभर पडून राहिली.

अमेरिकेतल्या लोकांशी बोलून एक गोष्ट कळली की आपलं नशीब त्यांच्यापेक्षा फार वाईट नाही. 'जेपर्डी' हा अमेरिकेतला गाजलेला क्विझ. एनबीसीवर १९६४ ते १९७५ आर्ट फ्लेमिंग यांनी चालवला, अडीच हजारांहून जास्त भाग झाले, आणि त्यांतले अगदी थोडे उरलेत. कारण साधं. स्टुडिओची दोन इंची टेप महाग, दिवसा दाखवलेला खेळ परत कोण बघणार, म्हणून पुसून त्यावरच पुढचं रेकॉर्डिंग. बीबीसीनेही तेच केलं. उलट त्याहून जुना 'व्हॉट्स माय लाइन' हा खेळ मोठ्या प्रमाणात टिकला, कारण तो पडद्यावरून फिल्मवर उतरवून घेतलेला होता, आणि फिल्म काही पुसून परत वापरता येत नाही.

नागपुरात कॅसेट टिकवणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. लोक म्हणतात पावसाळा वाईट. पावसाळा वाईटच, पण आपला खरा शत्रू कूलर. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री, हवा इतकी कोरडी की बुरशीची हिंमत होऊ नये. आणि आपण घरात काय करतो? खिडकीला कूलर लावून दोन महिने रात्रंदिवस ओली हवा आत सोडतो. ज्या खोलीत कूलर, त्याच खोलीत टीव्ही, टीव्हीखालीच कॅसेटींचा कप्पा. त्यामुळे नागपूरच्या घरातून आलेली कॅसेट मी आधी उजेडात धरून खिडकीतून बघते. फितीच्या गुंडाळीच्या काठावर पिठासारखी पांढरी भुकटी दिसली की ती मशीनमध्ये जाता कामा नये. एक बुरशीची कॅसेट हेड, म्हणजे मशीनमधला फीत वाचणारा भाग, तर खराब करतेच, वर तिच्यामागून घातलेल्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद देते.

मग पाच स्क्रू काढून कॅसेट उघडायची. झाकण सरळ वर उचलायचं, नाहीतर आतली बारीक स्प्रिंग उडून पलंगाखाली जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला केलेला, सूत न सुटणारा कपडा दोन बोटांत फितीवर हलका धरायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवत राहायचं. ई-१८०ची फीत अडीचशे मीटरच्या वर असते. दाबून धरलं तर ताणली जाते, सैल धरलं तर बुरशी तशीच. मी हे गच्चीवरच्या खोलीत तोंडाला रुमाल बांधून करते. तिथे कूलर नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये काम पहाटेच उरकावं लागतं.

मशीनचा प्रश्न याहून अवघड. नवीन व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिने २०१६मध्ये उत्पादन बंद केलं. बर्डीला मोदीच्या गल्ल्यांत एक मेकॅनिक आहेत, त्यांना रबराचे बेल्ट कशातून काढून कशाला बसवायचे हे ठाऊक आहे. ते थकलेत, म्हणून मी त्यांच्याकडून शिकून घेतेय. हेड पुसताना कपडा आडवाच, वर-खाली कधी नाही, नाहीतर हेडचं टोक तुटतं. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की आता फळा पुसतानाही हात आडवाच जातो.

आता जी कॅसेट कोणीच मागत नाही तिच्याबद्दल. महाल भागातल्या एका लग्नाच्या शेवटी निघाली. नव्वदच्या दशकात आपल्याकडे बरेच केबलवाले स्वतःचं चॅनल चालवायचे, रात्री सिनेमा, गणपतीत मंडळाची आरती. त्यांतल्याच कोणीतरी केबलवर हाउजी घेतली होती. बिल न्यायला येणारा पोरगा तिकिटं विकायचा. चाळीस मिनिटं कॅमेरा जागचा हलत नाही. समोर टेबल, टेबलावर फुलाफुलांचं प्लास्टिक, त्यावर स्टीलचा पिठाचा डबा. एक हात आत जातो, करंगळीशेजारच्या बोटात पोवळ्याची अंगठी, चिठ्ठी उघडतो, कॅमेऱ्यासमोर धरतो. चिठ्ठी थरथरते म्हणून आकडा नीट दिसत नाही, मग आवाज येतो, "सत्त्याऐंशी. आठ सात सत्त्याऐंशी." मागे भिंतीवर स्केचपेनने काढलेला नव्वद आकड्यांचा तक्ता, एक मुलगी येऊन त्यावर फुली मारून जाते. मध्येच फोन वाजतो. "पहिली लाइन गेली, चिटणीस पार्कजवळच्या वहिनी." मग तो हात डब्यावर तसाच थांबतो, कारण आकडे जुळतात का ते बघायला मुलगी तक्त्यापाशी उभी आहे, आणि आतल्या खोलीत कुकरची शिट्टी होते. चेहरा एकदाही दिसत नाही.

अमेरिकेतल्या आजोबांना मी ती अशीच पाठवली, बदल्यात काही न मागता. त्यांचं उत्तर आलं, फॉरमॅटचं नाव काय आणि निर्मिती कोणाची? मी लिहिलं, हाउजी, आणि केबलवाले भाऊ. त्यांनी ते तसंच यादीत घातलंय.

तर सध्या मी शोधते आहे: मोहन कपूर सूत्रधार असलेली झीवरची 'साप सीढ़ी', कितीही तुटकी. डेरेक ओब्रायन यांचं 'बोर्नव्हिटा क्विझ' नव्वदच्या दशकातलं, विशेषतः ज्यात विदर्भातली शाळा असेल. सह्याद्रीवरचं 'ताक धिना धिन'. आणि सेमिनरी हिल्सवरच्या आपल्या नागपूर केंद्रावरून झालेला कोणताही प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम. याचं तर माझ्याकडे एक मिनिटही नाही.

पैशाचा व्यवहार करत नाही. हक्क चॅनलवाल्यांचे आहेत, आपण फक्त फीत सांभाळतोय. पूर्णाला पूर्ण, कापलेल्याला कापलेलं. फाइल डीव्ही फॉरमॅटमध्ये, तासाला साधारण १३ जीबी होते, तेवढी जागा असलेली डिस्क पाठवा. जाहिराती, बातम्या, मध्येच कोणी बदललेलं चॅनल, सगळं तसंच राहू द्या. घरात लग्नाच्या जुन्या कॅसेटी असतील तर टॅबच्या खाचेवर सेलोटेप आहे का तेवढं बघा. बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका, तशीच द्या. लग्नाचा भाग मी न बघता पुढे पळवते, कोणाला देत नाही, आणि हवा असेल तर पेन ड्राइव्हवर उतरवून तुम्हाला परत करते. कॅसेट मात्र माझ्याकडे राहील.